बकासुर कोणी मारला?
वर्धा जिल्ह्यातलं केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, अशी श्रद्धा आहे. टेकडीवर सिद्धिविनायक, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. बकासुर मारल्याचं श्रेय भीमाला. त्याला धाडणारी कुंती मात्र गोष्टीत मागेच राहते.

मग फळ कोणाचं, करणाऱ्याचं की धाडणाऱ्याचं?

पुण्याचे टेनिसपटू नंदन बाळ डेव्हिस कप खेळले, पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडूच्या हाती निदान रॅकेट असते. प्रशिक्षकाने सर्व्हिसचा टॉस महिनोन्‌महिने घोटून घ्यायचा आणि सामन्यात बाहेर बसायचं. डेव्हिस कपमध्ये कोर्टालगतची खुर्ची कर्णधाराची. बाजू बदलताना मिळणाऱ्या ९० सेकंदांत बोलायचं तेही त्यानेच. (कृष्णाला गीतेचे अठरा अध्याय मिळाले होते!)

केळझरच्याच वर्धा जिल्ह्यात, पवनारला राहून विनोबांनी निष्काम कर्माचा विचार जगून दाखवला. पण निष्काम म्हणजे बेफिकीर नव्हे. शिष्य हरल्यावर ज्याला झोप लागते, तो विरक्त नसून नोकरी करतो आहे. आस हवी, हक्क नको. अवघड आहे ते एवढंच.

२०२० मध्ये बाळ यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. द्रोणाचार्य पुरस्कार त्याच वर्षी डेव्हिस कप संघाचे माजी कर्णधार नरेशकुमारांना मिळाला, तो टेनिसमधला पहिलाच.