पहिले वर्ष कोणाचे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल संघात नव्याने आलेला खेळाडू जेमतेम अठरा वर्षांचा असतो. शाळेच्या संघात सगळा खेळ त्याच्याभोवती फिरलेला असतो. इथे सरावाला समोर बावीस वर्षांचा गडी उभा असतो आणि तो खांद्याच्या एका रेट्याने त्याला बाजूला सारतो. शाळेतली हुकमी चाल इथे चालत नाही. चेंडू आपल्या हातात नसताना कुठे उभे राहायचे, हे तर त्याला कोणी शिकवलेलेच नसते. बहुतेकांचे पहिले वर्ष हे शिकण्यातच जाते.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वुडन हंगामाची सुरुवात मोज्यांपासून करत. मोजा टाचेवर आणि करंगळीपाशी हाताने सारखा करायचा, सुरकुती राहू द्यायची नाही, मग बुटाची नाडी आवळून दुहेरी गाठ मारायची. सुरकुतीने फोड येतो आणि फोडाने सराव बुडतो, एवढे साधे कारण. शाळेत नावाजलेल्या मुलांना हे पोरकट वाटत असणार. पण इथे पहिल्यापासून शिकायचे आहे, हे त्यांना त्यातून न सांगता कळे. वुडन यांनाही घाई नव्हती. १९४८ साली ते तिथे आले आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते १९६४ मध्ये, सोळाव्या हंगामात. पुढे अशी एकूण दहा झाली.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळताच येत नसे. २७ नोव्हेंबर १९६५ रोजी यूसीएलएच्या नवख्यांनी आपल्याच मुख्य संघाला, म्हणजे सलग दोन वर्षांच्या राष्ट्रीय विजेत्यांना, ७५-६० असे हरवले. ल्यू अल्सिंडॉर, म्हणजेच पुढचे करीम अब्दुल-जब्बार, यांनी त्यात ३१ गुण केले. तरीही नियमामुळे ते वर्षभर बाहेरच राहिले आणि मुख्य संघाला त्या मोसमात राष्ट्रीय स्पर्धेत जागाही मिळाली नाही. हा नियम १९७२-७३ च्या हंगामापासून उठला. अल्सिंडॉरसारख्यावर तो अन्यायच होता. मात्र बाकीच्यांना त्याने अभ्यासात आणि नव्या गावात रुळायला एक वर्ष दिले होते.

नियम उठल्यावर ते भान प्रशिक्षकालाच ठेवावे लागले. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांच्या संघात सामान उचलायचे काम नवख्यांकडे असे. १९८१ च्या शरदात ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ला मुखपृष्ठासाठी त्यांच्या पहिल्या फळीतले पाचही जण हवे होते. पाचवा नवखा होता, मायकेल जॉर्डन. महाविद्यालयासाठी अजून एकही सामना न खेळलेल्या मुलाचे छायाचित्र स्मिथ यांनी छापू दिले नाही, चौघेच झळकले. पुढच्या मार्चमध्ये जॉर्जटाउनविरुद्धच्या अंतिम सामन्यात निर्णायक बास्केट त्याच जॉर्डनने केली आणि सामना ६३-६२ असा जिंकला. नवख्याला प्रसिद्धीपासून दूर ठेवणाऱ्या स्मिथ यांनी जबाबदारी मात्र त्याच्यावरच टाकली होती.

२००६ पासून एनबीए या व्यावसायिक लीगने शाळेतून थेट येणाऱ्यांना दार बंद केले आणि सर्वांत गुणी मुले एका वर्षापुरती महाविद्यालयात येऊ लागली. केंटकीने २०१२ चे विजेतेपद अशाच नवख्यांच्या जोरावर मिळवले. पुढे विद्यापीठ बदलण्याचा नियमही बदलला. पूर्वी असे करणाऱ्याला साधारणपणे वर्षभर बाहेर बसावे लागे. ती अट २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती सैल झाली आणि २०२४ मध्ये, अभ्यास नीट असेल तर, उरलीच नाही. हे न्याय्यच झाले. प्रशिक्षकाने जास्त पगारावर दुसरीकडे जायचे आणि मुलाने अडकून पडायचे, हा कुठला न्याय? पण आता प्रशिक्षकाला तयार झालेला तेवीस वर्षांचा खेळाडू बाहेरून आणता येतो. मग अठरा वर्षांच्या मुलावर दोन वर्षे मेहनत कोण घेणार? ‘पी हळद आणि हो गोरी’ हाच कारभार झाला.

‘रेडशर्ट’ची सोयही, पहिले वर्ष कोणाचे, याच कसोटीवर पाहावी लागते. यात मूल वर्षभर संघाबरोबर सराव करते, सामने खेळत नाही, आणि त्याचा एक हंगाम शिल्लक राहतो. अंगात ताकद भरावी म्हणून दिलेले असे वर्ष मुलाच्या पदरात पडते. जागा नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या मुलाचे मात्र ते वायाच जाते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मुलाच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर बसून त्याला संघात बोलावताना प्रशिक्षकाने पहिले वर्ष बाकावर जाईल हे सांगितले नसेल, तर मुलगा कंटाळून निघून गेल्यावर त्याला उतावळा म्हणायचा अधिकार त्या प्रशिक्षकाला नाही.