दुसऱ्या खेपेची सीमा

‘बाहेरच्यांनी आमचे बेड अडवले’ ही तक्रार दिल्लीत ऐकू येते, पणजीत ऐकू येते, लंडनमध्येही ऐकू येते. या चर्चेत एकच गोष्ट मोजली जाते: दारात आलेला रुग्ण कुठला. तो याच दारात का आला आणि इथून गेल्यावर त्याच्या आजाराचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड नाही.

गोव्याचं उदाहरण मराठी वाचकाच्या जवळचं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि त्याविरोधात दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. सिंधुदुर्गात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला कोल्हापूर गाठायचं तर घाट चढावा लागतो. बांबोळी त्या मानानं हाकेच्या अंतरावर. शिवाय या तालुक्यांतली कितीतरी तरुण मुलं गोव्यातल्याच कारखान्यांत आणि हॉटेलांत राबतात. कामावर असेपर्यंत ती कुणाला परकी वाटत नाहीत, केसपेपर काढताना वाटतात.

यावरचा ठरलेला आक्षेप असा: स्थानिकांच्या कराच्या पैशावर परके फुकट उपचार घेतात. आक्षेपात तथ्य नाही असं नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास वस्तीचं हे राज्य, आणि रांगेत ताटकळणाऱ्या गोंयकाराचा त्रास खरा असतो. पण ‘कराचा पैसा’ म्हणजे कुणाचा? वस्तू आणि सेवा कर उपभोगाच्या जागी जमा होतो. ओडिशाचा मजूर म्हापशात साबण विकत घेतो तेव्हा त्या करातला राज्याचा वाटा गोव्याच्या तिजोरीत जातो, ओडिशाच्या नव्हे. तरीही गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत यायचं तर राज्यात पाच वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. चार वर्षं विटा वाहिलेला माणूस कर भरायला स्थानिक असतो आणि उपचार घ्यायला पाहुणा.

बोजा नेहमी येणाऱ्याचाच असतो हे गृहीतकही तपासून पाहायला हवं. आखाती देशांत नोकरीला जायचं तर आधी वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावं लागतं. रत्नागिरीतून कुवेतला निघालेल्यालाही ती चुकत नाही. म्हणजे शरीर निरोगी असल्याची खात्री करूनच घेतलं जातं. तिथल्या उन्हात काही वर्षं राबून मूत्रपिंडं निकामी झालेले तरुण नेपाळमध्ये परततात, आणि त्यांच्या डायलिसिसचा भार नेपाळचं सरकार उचलतं. आजार एका देशाच्या इमारती बांधताना जडलेला, खर्च दुसऱ्या देशाचा. या व्यवहारात फुकट कुणाला काय मिळालं, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवं.

वैद्यकीय पर्यटनाचे पुरस्कर्ते इथे उपयोगाचे नाहीत. त्यांना गिऱ्हाईक हवं असतं, मजूर नव्हे. ‘माणुसकीला सीमा नसते’ हे म्हणणं खरं, पण औषधाच्या खिडकीवर काय घडावं हे त्यातून ठरत नाही.

खिडकीवर काय घडतं ते दिल्लीत दिसलं. उत्तर प्रदेशच्या हद्दीलगतच्या गुरू तेगबहादूर रुग्णालयासाठी २०१८ मध्ये परिपत्रक निघालं: ८० टक्के खाटा दिल्लीकरांना. बाहेरच्याला तातडीचे उपचार आणि ओपीडीतला सल्ला मिळेल, मोफत चाचण्या आणि औषधं मात्र मिळणार नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, हे बरंच झालं. पण परिपत्रक लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. परक्या रुग्णाला दारातून हाकलावं लागत नाही. डॉक्टरनं त्याला तपासू द्यावं, पुढचं काही देऊ नये, तो आपोआप येईनासा होतो.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा: दाखल होणं वेगळं, उपचारात टिकणं वेगळं. पहिली खेप बहुतेकांना मिळते, कारण रक्तबंबाळ माणसाला परत पाठवणं कुठल्याही व्यवस्थेला जड जातं. सीमा आडवी येते ती दुसऱ्या खेपेला. तोवर मुकादमानं टोळी दुसऱ्या साइटवर हलवलेली असते, एक्स-रे खोलीवर राहिलेला असतो, रजा म्हणजे दिवसाची मजुरी गेलेली असते. २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना राज्य ओलांडून चालते, ही मोठी सोय आहे. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. डिस्चार्जनंतर काही दिवसांच्या औषधांपलीकडे, महिनोन्‌महिने चालणाऱ्या ओपीडीत, तिची साथ उरत नाही.

थायलंडच्या मे सोत गावात, म्यानमारच्या सीमेवर, डॉ. सिंथिया माँग यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या मे ताओ दवाखान्यात सुरुंगानं पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय बसवले जातात. कृत्रिम पाय एकदा बसवून भागत नाही. तो झिजतो, सैल होतो, माणसाला पुन्हा यावं लागतं. म्हणून कागदपत्रं नसलेल्या माणसालाही तिथे पुन्हा येता येणं हा उपचाराचाच भाग ठरतो.

भारतात हे नाइलाजानं का होईना, क्षयरोगाच्या कार्यक्रमाला उमगलं. सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सुटला तर औषधाला न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो. म्हणून ‘नि-क्षय’ या २०१२ पासूनच्या नोंदप्रणालीत रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्याच्या हवाली करता येतो. अंमलबजावणीत खाचखळगे असतील. पण निघून गेलेला रुग्णही आपलीच जबाबदारी आहे, हे तिथे मान्य झालेलं आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा फेफऱ्याच्या रुग्णाला मात्र नव्या गावात बहुतेक वेळा पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. गोमेकॉतून घरी सोडलेल्या रुग्णाची पुढची तारीख आणि गोळ्यांची यादी दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयात त्याच्या आधी पोचवणं दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांना अशक्य नाही. गोव्यातलं बांधकाम संपवून विजापूरकडे परतणाऱ्या मजुरासाठी हीच व्यवस्था कर्नाटकाशी बोलून करावी लागेल.