न पाहिलेली सळई

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत घरोघरी एक काम निघते: छताचा पोपडा सुटलाय, तेवढा भरून घ्यायचा. गवंडी शिडी लावतो आणि हातोडीने छत ठोकत पुढे सरकतो. आवाज टणक येत असतो, आणि एका जागी तो एकदम बोदा होतो. तिथे छिन्नी लावताच ताटाएवढा गिलावा खाली येतो, मागोमाग काँक्रीटची खपली सुटते आणि सळई उघडी पडते. तिला तांबूस पापुद्रे सुटलेले असतात. बोट फिरवले की भुगा हाती येतो, आणि बारा मिलिमीटरची सळई मधेच पेन्सिलीहून बारीक झालेली दिसते. अर्ध्या दिवसाचे काम तिथे संपते आणि लाखांचा हिशेब सुरू होतो. अशा वेळी घरातून एक वाक्य हमखास ऐकू येते, “हात लावला नसता तर बरं झालं असतं.” या वाक्यात एक जुना धर्मप्रश्न आहे. जे पाहिलेच नाही, त्याची जबाबदारी माणसावर येते का? माझे उत्तर असे: दोष डोळ्यांनी दिसेपर्यंत जबाबदारी थांबून राहत नाही, दोषाची खूण दिसली की ती सुरू होते. आणि खूण पाहूनही पुढे न पाहणे याला अज्ञान म्हणता येत नाही. ते माणसाने केलेले कर्म आहे.

आधी त्या सळईचेच पाहू. नवे काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, किनाऱ्यालगत खाऱ्या हवेतले क्षारही मुरतात. तो थर जातो, आणि ओल मिळाली की लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो. जागा नसते म्हणून तो काँक्रीटच फोडतो. म्हणजे पोपडा आपोआप गळून पडत नाही, तो आतून ढकलला जातो. ज्याला आपण लहानशी सुरुवात समजतो, तो एका लांबलेल्या बिघाडाचा शेवटचा निरोप असतो. सांख्य दर्शन सांगते की कार्य कारणात आधीपासूनच असते, तिळात तेल असते तसे. ते बाहेर येते एवढेच. नैयायिकांना हे मान्य नाही, त्यांच्या मते कार्य नव्याने उत्पन्न होते. पण इथे तो वाद सोडवायची गरज पडत नाही, कारण गंज उत्पन्न होऊन वर्षे लोटलेली असतात. गवंड्याच्या हातून झाली ती फक्त अभिव्यक्ती. आडदांडपणे ठोकून धडधाकट भाग फोडणारे कारागीर असतात हे खरे, पण तो दोष ठोकण्याच्या रीतीचा आहे, पाहण्याचा नव्हे.

घराच्या भिंतीवरचा डाग हा धर्मग्रंथाचा विषय होऊ शकतो, हे बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १४वा अध्याय वाचताना लख्ख दिसते. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले आणि ते पृष्ठभागाच्या आत गेल्यासारखे वाटले, तर घरमालकाने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे. याजक पाहणी करतो आणि घर सात दिवस बंद ठेवतो. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून नवा गिलावा द्यायचा. त्यानंतरही चट्टे उमटले तर घर पाडायचे. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक बारीक तरतूद. याजक आत पाऊल टाकण्यापूर्वी घरातले सामान बाहेर काढून ठेवायला सांगतो, म्हणजे निर्णय झाल्यावर भांडीकुंडी अशुद्ध ठरणार नाहीत. पाहण्याने नुकसान होते हे या नियमाला पुरते ठाऊक आहे. तो नुकसान कमी करतो, पण पाहणी टाळू देत नाही. पुढच्या काळातल्या यहुदी भाष्यकारांनी असेही म्हटले, की हे चट्टे म्हणजे शुभवार्ता, कारण जुन्या रहिवाशांनी भिंतीत लपवलेले सोने त्यामुळे सापडे. हा दिलासा मला पटत नाही. बहुतेक भिंतींत सोने नसते, आणि कर्तव्य बक्षिसावर टेकवले की बक्षिसाबरोबर तेही जाते.

आता अज्ञानाचा प्रश्न. आपल्या स्मृतिग्रंथांत नकळत घडलेल्या पापाला प्रायश्चित्त हलके सांगितले आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात मात्र राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, जाणून पाप करणाऱ्याचा दोष मोठा की न जाणता करणाऱ्याचा? नागसेन उत्तर देतो, न जाणता करणाऱ्याचा. आणि विचारतो, तापलेला लोखंडी गोळा जाणून धरणारा जास्त भाजेल की न जाणता धरणारा? दोन्ही उत्तरे मला खरी वाटतात, कारण त्यांचे विषय वेगळे आहेत. स्मृती माणसाचा हेतू तोलतात, नागसेन गोळ्याची आच सांगतो. गंजलेल्या सळईला घरमालकाच्या मनाशी देणेघेणे नसते. न पाहिल्याने तिच्यावरचा भार हलका होत नाही, आणि खाली झोपलेले मूल निरागस आहे म्हणून स्लॅब थांबत नाही. शिवाय स्मृतींची सवलत ज्याला कळायला वाव नव्हता त्याच्यासाठी आहे. धूर दिसल्यावर अग्नी नव्हता असे समजण्याची सोय कोणत्याच प्रमाणशास्त्रात नाही. छतावरचा तपकिरी ओघळ हा धूरच आहे. त्यावर पुट्टी भरून रंग दिला, तर रंग देणाऱ्याने आपले अज्ञान स्वतःच्या हाताने तयार केले.

यावर सर्वांत खरा आक्षेप गरिबीचा आहे. ज्याच्याकडे दुरुस्तीचे पैसे नाहीत, त्याने पाहून करायचे काय? झोप जाईल, छत तसेच राहील. मी हा आक्षेप झटकणार नाही. पण कळल्यावर सगळे एकदम करावे लागत नाही. टेकू लावता येतो, पलंग दुसऱ्या खोलीत सरकवता येतो, गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी करता येते. न कळलेल्याला यातले काहीच सुचत नाही. आणि ओझे एकट्याचे नाही, म्हणूनच महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी सांगितला आहे. हा निधी बुडवून सभासदांच्या मासिक वर्गणीत सवलत देणारी कमिटी लोकप्रिय होते, आणि मला ती गुन्हेगार वाटते.

दुसरा आक्षेप अनवस्थेचा: शोधायला लागलो तर दोष संपणारच नाहीत. संपतात. गवंडी गंजलेल्या सळईच्या दोन्ही टोकांना स्वच्छ लोखंड लागेपर्यंत खोदतो आणि थांबतो. उपविधीही पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि तिशीपुढे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगतात, रोज नव्हे. राहिला प्रारब्धाचा आधार. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडला महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. अशा मरणाला प्रारब्ध म्हणणे म्हणजे लोखंड, पाणी आणि माणसे यांच्यातला सगळा हिशेब देवाच्या नावावर टाकणे. माझ्या श्रद्धेला ते मानवत नाही.

मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात लेवीयमधल्या त्याच चट्ट्यांबद्दल एक नियम आहे. भिंत दोन घरांत सामाईक असेल तर दगड दोघांनी मिळून काढायचे, गिलावा दोघांनी मिळून खरवडायचा. आपल्याकडे खालचा म्हणतो वरच्याचे न्हाणीघर गळते, वरचा म्हणतो माझी फरशी कोरडी आहे, आणि दोन पावसाळे पत्रव्यवहारात जातात. तेव्हा खालच्याने बोलावले तर वरच्याने जाऊन पाहावे. आणि गवंडी शिडीवरून म्हणाला, “साहेब, एकदा वर येऊन बघा,” तर पैशांचे पुढे बघू. आधी शिडी चढा.