पुरूला विचारले तरी होते

ययातीने आपले वार्धक्य पुरूच्या पदरात घातले, ही महाभारतातील कथा वाचताना लक्ष जाते ते बापाच्या अतृप्तीकडे. मला मात्र अलीकडे तिच्यातील एक साधा तपशील अधिक विलक्षण वाटू लागला आहे, तो असा की ययातीने मुलांना आधी विचारले. यदूने नकार दिला, इतरांनीही दिला, धाकट्या पुरूने होकार दिला. देहाच्या वारशाचा खरा व्यवहार इतका सभ्य नसतो. वडिलांचे नाक, आजीचा आवाज, मामाची चालण्याची लकब ही देणी निदान उघड असतात, लग्नाच्या जुन्या फोटोंत ती सापडतात. पण चाळिशीच्या सुमारास दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळला जातो, फुगा दाबला जातो आणि हवा सुटत असताना डॉक्टर सहज विचारतात, ‘घरात कुणाला बीपी?’ तेव्हा उमगते की कुणाचे तरी वार्धक्य आपल्या संमतीवाचून आपल्या धमन्यांत कधीचेच मुक्कामाला आले आहे.

कुळातून येणाऱ्या दुखण्याला एकच एक अपराधी असावा, ही मनाची फार जुनी ओढ आहे. पुराणांत शाप एकाच ऋषीचा असतो आणि पिढ्या तो भोगतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजाचा भाग आणि त्या भागाचाही अवयव अशी सूक्ष्म उतरंड आहे. ज्या अंशात दोष, त्या अंशातून घडणारे अंग विकृत, असा त्या विचाराचा रोख. त्यातील सूक्ष्मता मला आजही थक्क करते, आणि त्याच ओढीची एक आधुनिक आवृत्ती मला मँचेस्टरचे वैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट प्लॅट यांच्यात दिसते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची कुटुंबे तपासून १९४७ पासून ते मांडत आले की हा आजार बहुधा एकाच जनुकाची करामत आहे. माणसे दोन प्रकारची, ते जनुक वाट्याला आलेली आणि न आलेली.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील जॉर्ज पिकरिंग यांना हे पटले नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भलत्याच तक्रारी घेऊन बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसांचे रक्तदाब मोजले, रुग्णांच्या नातेवाइकांचेही मोजले आणि १९५४ मध्ये ते आलेख प्रसिद्ध केले. नातेवाइकांचा आलेख सबंधच्या सबंध थोडा वर सरकलेला होता, पण निरोगी आणि रोगी यांना विभागणारी खिंड त्यात कुठेच नव्हती. उंची जशी बुटक्यापासून उंचापर्यंत अखंड चढत जाते, तसाच रक्तदाब. आणि उंचीइतकीच त्याची आनुवंशिकता विखुरलेली, अनेक हातांची. या दोघांचा वाद ‘लॅन्सेट’च्या पानांवर वर्षानुवर्षे चालला. वरवर पाहता तो आकडेमोडीचा तंटा होता. माझ्या मते तो निखळ तत्त्वचर्चेचा विषय होता. रोग ही एक वस्तू आहे, की केवळ एक मात्रा? पिकरिंग यांचे म्हणणे मान्य केले, तर ‘आजारी’ हा शब्द आलेखावर कुणीतरी ओढलेली रेघ ठरतो, आणि रेघ ओढणारा हात हलतो. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांनी १४०/९० ची रेघ १३०/८० वर आणली आणि तिथल्या प्रौढांतील उच्च रक्तदाबाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. त्या रात्रीत एकाही माणसाची धमनी बदलली नव्हती.

काळाने एकंदरीत पिकरिंग यांची बाजू घेतली. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसांच्या जनुकीय माहितीची छाननी झाली, तेव्हा रक्तदाबाशी नाते सांगणाऱ्या नऊशेहून अधिक जागा हाती लागल्या, आणि त्यांतली बहुतेक एकेकटी पाऱ्याला मिलिमीटरभरही हलवत नाही. माणसामाणसांतील फरकाचा साधारण तीस ते पन्नास टक्के भाग वारशाचा, असे जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांवरून मानतात. उरलेल्याचे काय? पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला सर्वांत आधी मीठ वाढायची आपली रीत आहे. जिच्याकडून निम्मी जनुके येतात, बहुधा तिच्याच हातून जिभेला खारटपणाची सवयही लागते, आणि घराण्याचे ‘बीपी’ म्हणून आपण जे सांगतो त्यात गुणसूत्रे किती आणि बरणीतले लोणचे किती, हे घरातल्या कुणालाही सांगता येत नाही. पश्चिम केनियातील खेड्यांतून नैरोबीला कामासाठी आलेल्या लुओ लोकांचा रक्तदाब अवघ्या महिनाभरात गावी राहिलेल्यांच्या वर गेलेला आढळला. त्यांचे पूर्वज प्रवासात बदलले नव्हते.

आणि तरी प्लॅट पुरते हरले असे मला म्हणवत नाही. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यासोबत जवळपास दीड किलो मीठही, आणि त्यातले नगण्य अंश सोडून सारे रक्तात परत घेतात. मिठाला इतके जागणारे दुसरे इंद्रिय देहात नाही. उष्ण प्रदेशांत, जिथे घाम फार आणि मीठ दुर्मिळ, तिथे या कृपणतेनेच आपले पूर्वज तगले असावेत, असा एक तर्क आहे. आणि तो खरा असेल, तर आज आपण ज्याला दोष म्हणतो तो एके काळचा गुण, फक्त त्याचा काळ उलटून गेला. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ल्युइस डाल यांनी १९६२ मध्ये दाखवले की निवडक उंदरांच्या जोड्या लावत गेल्यास, काही पिढ्यांतच मीठ सोसणारा आणि न सोसणारा असे दोन वंश वेगळे काढता येतात. पुढे या दोन वंशांत मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा रक्तदाब मूत्रपिंडाच्या मागोमाग गेला.

माणसांतही असे एकदा घडले. १९६३ मध्ये अमेरिकेतील ग्रँट लिडल यांनी एका कुटुंबाचे वर्णन केले. त्यात कोवळ्या वयातच रक्तदाब भयंकर चढे आणि पोटॅशियम उतरे. त्यातल्या ज्या किशोरवयीन मुलीपासून तपास सुरू झाला होता, तिची मूत्रपिंडे पुढे निकामी झाली, दुसऱ्या माणसाचे मूत्रपिंड बसवावे लागले आणि रक्तदाब खाली आला. मूत्रपिंडातील सोडियमची वाट सदैव उघडी ठेवणारा तो एकच बिघाड १९९४ मध्ये हाती लागला. निदान या एका घरापुरते प्लॅट खरे ठरले. मात्र तिच्या देहातील उरलेल्या साऱ्या पेशींत तो बिघाड होता तसाच राहिला, आणि तिला मूल झाले असते तर त्याच्याकडे तो जाण्याची शक्यता प्रत्यारोपणाआधी जेवढी, तेवढीच नंतरही होती, निम्मी.