वाकायचं कुणी?

आमच्या शाळेत पाचवी 'ब'च्या भिंतीवर निळ्या रंगात 'मोडेन पण वाकणार नाही' असा सुविचार रंगवलेला होता. त्या भिंतीलगतची जागा अंगठे धरून उभं राहण्याची शिक्षा झालेल्यांसाठी राखीव असल्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी तो सुविचार पूर्ण वाकून आणि उलटा वाचलेला आहे. त्यामुळेच की काय, ताठ राहावं की वाकावं हा प्रश्न माझ्या मनात कधी सरळ उभाच राहिला नाही. थोरामोठ्यांचंही याबाबतीत एकमत दिसत नाही. एकीकडे न वाकणाऱ्यांचे चौकाचौकांत पुतळे, तर दुसरीकडे खुद्द तुकोबांनी पुरात तगून राहणाऱ्या लव्हाळ्याचं केलेलं कौतुक. मराठी माणूस पुतळ्याला हार घालतो आणि कचेरीत जाऊन लव्हाळ्यासारखा वागतो. दोघांचाही मान राहतो.

या प्रश्नाची तड लावायला काशीला किंवा गेला बाजार पुण्याला जावं लागतं, अशी माझी समजूत होती. पण जावं लागलं शीळफाट्याला.

शीळफाटा ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान आहेत. कल्याणकडून, पनवेलकडून, महाप्याहून आणि मुंब्र्याकडून येणारे रस्ते इथे एकमेकांना भेटतात आणि मग निघायचं नाव घेत नाहीत. न्हावाशेव्याच्या बंदरातून भिवंडीकडे निघालेले कंटेनर आणि डोंबिवलीहून महाप्याला निघालेले कारकून इथे समान पातळीवर येतात. लोकशाही म्हणतात ती हीच असावी. बुलेट ट्रेनसुद्धा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून एकवीस किलोमीटरच्या बोगद्यातून येणार, आणि डोकं वर काढणार ती शीळफाट्यालाच. आता बोला! अशा जागी गॅरेजं उगवली नसती तरच नवल.

माझ्या भाच्यानं जुन्या बाजारातून एक टर्बोवाली पेट्रोल गाडी घेतली आहे. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारं चाक बॉनेटखाली बाळगून तो रोज सकाळी खिडकाळीच्या देवळापासून फाट्यापर्यंत पाण्याच्या टँकरमागे बैलगाडीच्या वेगानं जातो. टर्बो म्हणजे कोंड्याचा मांडा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. अल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली, तिच्यासाठी पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी भरून ठेवावी लागे. मालक टर्बोचं कौतुक सांगत हिंडायचे आणि टाकी भरायला विसरायचे. दिमतीला असणाऱ्याची आठवण ठेवायची पद्धत तिकडेही नाही, एवढंच यावरून दिसतं.

तर हा जो दांडा, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, आणि ते तेल त्याच्यापर्यंत नेते करंगळीहून बारीक अशी एक नळी. शेजारून आठ-नऊशे अंशांचा धूर चाललेला. भरधाव येऊन झटकन किल्ली फिरवली, की तेल थांबतं आणि ताप तिथेच राहतो. मग नळीतलं तेल दुधासारखं करपून बुडाला धरतं. नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवून हे पुष्कळ कमी केलंय, तरी दामटून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवावं असं जाणते सांगतात. भाच्याच्या गाडीची हीच नळी पाझरायला लागली होती.

गॅरेजात तिच्या जागी दोन उमेदवार होते. एक कंपनीची पोलादी नळी: कारखान्यातच वळणं घेऊन आलेली, काळपट, आखडू. दुसरी जाळीची: वर पोलादी तारांची चकचकीत वीण, हातात घेतली तर सापासारखी वळवळणारी. विमानात असते म्हणे तसली.

"मामा, जमाना फ्लेक्सिबल लोकांचा आहे," भाचा म्हणाला. "कडक असेल ते तडकणार."

मी अर्थातच पोलादाच्या बाजूनं. माझ्या पिढीला पोलाद म्हटलं की उगाचच ताठ बसावंसं वाटतं. आमचा वाद पुतळे आणि लव्हाळ्यापर्यंत पोचला तोवर मिस्त्रींनी शांतपणे कटिंग चहा संपवला.

"साहेब, ही नळी कडक की नरम ते नंतर बघू. तिची दोन टोकं कुठं बांधलीत ते आधी बघा."

मी बॉनेटखाली वाकलो. (सुविचार उलटा वाचायची सवय असल्यानं अवघड गेलं नाही.) एक टोक इंजिनाला, दुसरं टर्बोला. टर्बो पुन्हा इंजिनालाच बांधलेला. म्हणजे इंजिन हललं की दोन्ही टोकं एकत्र हलणार. मधल्या नळीनं वाकायचं काही कारणच नाही. मधे एक क्लँप मात्र हवा. घाईत तो लावायचा राहिला की थरथरून थरथरून पोलादाला चीर जाते आणि बिचारं पोलाद बदनाम होतं. याउलट ब्रेकची नळी बघा. गाडीच्या अंगाखालून पोलादीच येते, पण चाकाशी शेवटची वीतभर रबराची. कारण चाक खड्ड्यात जातं, गाडीला मागे राहायचं असतं. तिथे पोलाद घातलं तर आठवडा काढणार नाही; आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर एक दिवस. आणि एवढं मोठं इंजिन ठेवलंय कशावर? रबराच्या गाद्यांवर. गॅरेजच्या भाषेत त्यांना 'फाउंडेशन' म्हणतात!

"मग जाळी वाईट?" भाच्यानं विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

"वाईट कशाला? दुसरा टर्बो बसवला आणि कंपनीची नळी पोचत नसली तर मीपण जाळीच लावतो. पण आत काय आहे ते बघून." मिस्त्रींनी कोपऱ्यातून एक जुनी जाळीची नळी काढली आणि करवतीनं आडवी कापली. वरची वीण नव्या नवरीसारखी चमकत होती, आतलं रबर बिस्किटासारखं चुरत होतं. आत टेफ्लॉन असलं तर ते दोनशेच्या वर अंश सोसतं, साधं रबर इतका ताप काढत नाही. पण बाहेरून दोघांचं रूप एकच. समोरचा दुकानदार तर 'सेम टू सेम' म्हणूनच विकत होता. आणि अशी नळी फुटून लालबुंद लोखंडावर तेल उडालं तर पुढे काय, हे मिस्त्रींनी बोलून दाखवलं नाही. मागच्या सीटवर माझी चार वर्षांची नात खिडकीला नाक लावून कंटेनर मोजत होती.

"रबराचं असंच असतं," करवत ठेवता ठेवता ते म्हणाले. "ताप खाऊन खाऊन कडक होतं, मग चिरतं. लोक म्हणतात माल खराब निघाला."

मला एकदम आमची काकू आठवली. आमचे काका म्हणजे घराण्याचं पोलाद. सरकारी कचेरीत उभा जन्म काढला, पण कुणाचा चहासुद्धा घेतला नाही आणि कुठल्या साहेबापुढे मान तुकवली नाही. बदल्यांवर बदल्या झाल्या. प्रत्येक समारंभात त्यांच्या ताठ कण्यावर भाषण व्हायचं. मीही एक केलेलं आहे. पण काकांचं एक टोक तत्त्वाला बांधलेलं होतं आणि दुसरंही तत्त्वालाच. थरथर असेल ती तेवढीच. काकूचं एक टोक काकांना आणि दुसरं वाण्याला, घरमालकाला, मुलांच्या हेडमास्तरांना. काकांनी घरमालकाला दोन शब्द सुनवावेत आणि संध्याकाळी काकूनं वाटीभर खीर घेऊन त्याच्या बायकोकडे जावं. तत्त्व अबाधित, भाडंही वाढलं नाही. काका चाळीस वर्षांत मोडले नाहीत याचं रहस्य पोलादात किती आणि त्या खिरीत किती, हा हिशेब कुणी मांडलाच नाही. सत्काराच्या वेळी काकूला नारळ मिळायचा; तो सोलायचाही तिनंच.

सत्तरी उलटल्यावर काकांनी सोसायटीच्या वर्गणीवरून सेक्रेटरीशी तत्त्वाचं भांडण काढलं आणि सवयीनं काकूकडे पाहिलं. काकू भाजी निवडत म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मी आता कुणाकडे जायची नाही." घरात हाहाकार उडाला. काकूचा स्वभाव हल्ली कडक झालाय, असं सगळे म्हणू लागले. मीही मान डोलावली होती, तेव्हा काही मला शीळफाट्याचे मिस्त्री भेटले नव्हते. काका दोन दिवस ताठ बसले. तिसऱ्या दिवशी चपला घालून स्वतः तळमजल्यावर गेले आणि तासाभरानं, सेक्रेटरीच्या घरचा चहा पिऊन, वर आले.

भाच्यानं शेवटी कंपनीचीच नळी लावली. मिस्त्रींनी तांब्याचे वॉशर नवे टाकले, क्लँप आठवणीनं आवळला, इंजिन चालू करून सांध्यांवरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट आम्हाला दाखवलं. तरी भाचा घुटमळत होता. त्याला बॉनेट उघडल्यावर मित्रांना दाखवण्यासारखं काहीतरी हवं होतं. मिस्त्रींनी थोडा विचार केला, हातभर जाळीची नळी कापली आणि समोरची काच धुण्याचं पाणी जिथून जातं तिथे बसवून दिली. हल्ली भाच्याच्या गाडीत ते साबणाचं पाणी विमानाच्या इतमामानं वायपरपर्यंत जातं.