मय्यतीच्या घरची चूल

मय्यतीच्या घरी चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला वाटतो. आम्हाला तो नीतीचा वाटतो. ज्याचे माणूस गेले त्याने लोकांना जेवू घालायचे, की लोकांनी त्याला?

या प्रश्नाचा विचार ज्यूंनी फार बारकाईने केलेला आहे. ज्यू म्हटले की आपल्याला वर्तमानपत्रातले इस्रायल आठवते. पण कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायलही ज्यूच. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, त्यामुळे त्यांचे शब्दच आधी ओळखीचे वाटले. इब्रानीतला ‘केवेर’ म्हणजे आपली कबर. दफनानंतरचा सात दिवसांचा शोक म्हणजे ‘शिवा’; अरबीतला ‘सबआ’ त्याच सातचा भाऊ. गुसल, साधे पांढरे कफन, दफनाची घाई, हेही आपल्यासारखेच. कफनाला खिसा नसतो ही म्हण नव्हे, त्यांचा रिवाजच आहे.

कबरस्तानातून परतल्यावर शोक करणाऱ्याने पहिले जेवण स्वतःच्या घरचे खायचे नाही. शेजाऱ्यांनी आणायचे. त्यात बहुधा उकडलेली अंडी किंवा मसूर. मसुरीला तोंड नसते, तसे दुःखितालाही नसते, असा त्यांचा अर्थ. म्हणून भेटायला आलेल्यानेही तो बोलेपर्यंत गप्प बसायचे. (आपल्याकडे मात्र ‘कसे झाले?’ ही चौकशी चप्पल काढतानाच सुरू होते.)

तालमूद सांगतो की पूर्वी श्रीमंत चांदीच्या टोपल्यांतून हे अन्न नेत, गरीब वेताच्या. गरिबांना लाज वाटे. मग ठरले, सर्वांनीच वेताच्या टोपलीतून न्यावे. कफनाचेही तसेच. खर्च इतका वाढला होता की तो मृत्यूपेक्षा जड वाटून नातेवाईक मय्यत टाकून पळून जात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी समाजप्रमुख रब्बान गमलिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या कपड्यात पुरायला लावले. मग सगळे तसेच करू लागले. दोन्ही वेळा गरिबाला वर ओढले नाही, श्रीमंताला खाली बसवले.

आता आपली जियारत आणि चाळिसावा पाहा. कर्ज काढून बिर्याणीच्या देगा चढवलेली घरे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कोणी म्हणेल, ईसाले सवाब आहे, गरिबाच्या पोटात अन्न जाते, ऐपत असलेल्याने स्वखुशीने केले तर बिघडले काय? ही तक्रार आम्ही हलकी मानत नाही. खर्चामागे माया असते. पण श्रीमंताची खुशी शेजारच्या विधवेसाठी सक्ती होते. तिने नाही केले तर ‘नवऱ्यासाठी एवढेही जमले नाही’ हे तिला ऐकावे लागते.

मूता येथे ६२९ साली हजरत जाफर शहीद झाले, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांच्या घरच्यांसाठी अन्न शिजवायला सांगितले. त्यांच्या घरात शिजवायला नव्हे.

अनेक जमातींकडे मालकीच्या देगा असतात. त्या मय्यतीच्या अंगणात जातात. पहिले तीन दिवस त्या शेजारच्या अंगणात चढवायच्या, आत फक्त डाळ-भात, घर कोणाचेही असो, असा ठराव जमातीच्या बैठकीत मांडता येईल. आणि तो मांडणारा ऐपतदार असला पाहिजे. गरिबाने मांडला तर लोक त्याला कंजुषी म्हणतील.