ऋतू, हंगाम आणि सीझन : पुनःशोधाच्या नैतिकतेविषयी

१

एखाद्या प्रदेशाचा ‘पुनःशोध’ लागला असे विधान केले जाते तेव्हा त्या विधानाचा कर्ता कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जो प्रदेश तेथील रहिवाशांच्या लेखी कधी हरवलाच नव्हता, त्याचा पुनःशोध लागावा कसा? वस्तुतः या शब्दात विस्मरणाची एक कबुली दडलेली असते आणि ती विसरणाऱ्याची असते. व्यवहारात मात्र ही कबुली पुसली जाते आणि उरतो तो केवळ शोधणाऱ्याचा आनंद. हा आनंद निरागस आहे काय, आणि नसल्यास तो न्याय्य कसा व्हावा, हा या विवेचनाचा प्रश्न आहे.

दक्षिण इटलीतील लुकानिया प्रांताचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. फॅसिस्ट राजवटीने १९३५-३६ मध्ये कार्लो लेव्ही या चित्रकार-लेखकाला तेथे स्थानबद्ध केले होते. त्या अनुभवावर आधारलेले त्याचे ‘ख्रिस्त एबोलीपाशी थांबला’ हे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मातेरा गावातील कोरीव गुहांमध्ये माणसे व जनावरे एकत्र कशी राहतात, हे इटलीला कळले. ती राष्ट्राची लाज ठरली. १९५२ मध्ये कायदा करून तेथील कुटुंबे हलविण्यात आली. १९९३ मध्ये त्याच गुहांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. ज्या गुहांतून माणसे उठविली त्यांतल्या काहींत आज पाहुण्यांसाठी हॉटेले आहेत. दगड तेच राहिले आहेत. दारिद्र्याचे सौंदर्यात झालेले हे रूपांतर घडले, ते मुख्यतः तेथे राबणारा माणूस चित्रातून वगळला गेल्यानंतर.

२

हाच प्रश्न पुण्याच्या पूर्वेकडील पट्ट्यात अधिक लहान आणि म्हणूनच अधिक स्पष्ट स्वरूपात पाहता येतो. शिरूर तालुक्यातील केंदूर हे वेळ नदीच्या खोऱ्यातील गाव. ज्ञानेश्वरांचे समकालीन मानले गेलेले संतकवी कान्होराज पाठक यांचे हे गाव, आणि त्यांचे समाधिमंदिर ही गावाची जुनी ओळख. शेजारी पाबळ, जे बाजीरावाने मस्तानीला इनाम दिले होते. तेथे १७४० मध्ये मृत्यू पावलेल्या मस्तानीचे थडगे आहे आणि त्याला समाधी म्हणणारे व मजार म्हणणारे असे दोघेही तेथे येत आले आहेत. पलीकडे कन्हेरसरची यमाई, मोराची चिंचोली, रांजणगावचा गणपती, आणि कुकडीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे.

हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. मावळात पाऊस कोसळत असतो तेव्हा येथे ढग नुसते पुढे सरकत असतात. नदीचे नाव वेळ असावे आणि तिला पाणी मात्र वर्षातील काही वेळच असावे, हा योगायोग येथील माणसाच्या कालविषयक जाणिवेला साजेसा आहे. पाण्याची वाट पाहणे हा येथील जगण्याचा स्थायीभाव म्हणावा लागेल.

गेल्या दोन-अडीच दशकांत या पट्ट्याकडे शहराची पावले वळली. पावसाळ्यात मोर पाहण्यासाठी चिंचोली, थंडीत हुरड्यासाठी शिरूर-दौंडमधील शेते, आणि दौंडच्या पुढे भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्ष्यांसाठी नावा. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आणि या वळणाला अधिकृत नाव मिळाले. पुण्यामुंबईच्या कुटुंबांना आपल्या आजोळाचा ‘पुनःशोध’ लागला, असे म्हणता येईल. पण आजोळ ही नात्याची संज्ञा आहे. कृषी पर्यटन ही संज्ञा तशी नाही. या दोहोंमधील अंतर तपासणे अगत्याचे आहे.

३

मराठीत वर्षाच्या विभागणीला तीन शब्द रूढ आहेत, आणि त्या तिन्हींत तीन वेगळे मूल्यव्यूह आहेत. ‘ऋतू’ हा पहिला. त्याचे नाते ‘ऋत’ या विश्वनियमवाचक शब्दाशी आहे आणि काव्याने तो आपलासा केला आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) मराठी वाचकाला चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाड, पाखरू आणि आभाळ पाहण्याची नवी दृष्टी दिली. ऋतू हा पाहण्याचा विषय आहे. तो कोणाच्या मालकीचा नाही आणि कोणाचे देणेही लागत नाही.

दुसरा शब्द ‘हंगाम’. तो फारसीतून आला आणि शेतकऱ्याच्या घरी राहिला. खरीप आणि रब्बी हे हंगाम आहेत, ऋतू नव्हेत. हंगाम साधतो किंवा हुकतो. हस्ताचा पाऊस न पडणे ही ऋतूच्या दृष्टीने एक घटना असते, तर हंगामाच्या दृष्टीने ते कर्ज असते. हंगामात पाहण्यापेक्षा राबण्याला आणि राबण्यापेक्षा वाट पाहण्याला अधिक जागा आहे.

तिसरा शब्द ‘सीझन’. इंग्रजांनी महाबळेश्वर वसविले तेव्हापासून तो मराठीत रुळला. सीझन लागतो, भरात येतो आणि संपतो. तो संपला की माणसे निघून जातात. ऋतूत सौंदर्य आहे, हंगामात जोखीम आहे, सीझनमध्ये केवळ उपलब्धता आहे.

हा भेद शाब्दिक कसरत नव्हे, हे चिंचोलीच्या मोराकडे पाहिले तरी ध्यानात यावे. नराचा पिसारा पावसाळ्यापूर्वी पूर्ण वाढतो आणि पावसाळा सरता सरता गळून पडतो. हा ऋतू. तोच मोर पेरलेल्या रानात उतरून दाणे आणि कोवळी रोपे टिपतो. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. पण त्या कायद्याच्या आधीपासून त्याला रानात राहू दिले ते नुकसान सोसणाऱ्या माणसांनी. हा हंगाम. आणि नाचणारा मोर हमखास दिसेल या भरवशावर पाहुणा तेथे येतो, हा सीझन. पाहुण्याला जो मोर दिसतो, तो सोसण्याच्या एका दीर्घ परंपरेचे फळ आहे. ती सोशिकता मात्र त्याच्या दृष्टिक्षेपात येत नाही.

उजनीच्या जलाशयावर हे अधिक तीव्रतेने जाणवते. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर पुढे रोहित पक्षी उतरू लागले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी गर्दी होते. पाणी आटणे हीच येथे आकर्षणाची अट होऊन बसते. विस्थापिताची आठवण, शेतकऱ्याची तहान आणि प्रवाशाची सहल एकाच काठावर, एकाच दिवशी उभ्या असतात. त्यांना एकमेकींची ओळख मात्र नसते. रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी साहित्याच्या संदर्भात दाखवून दिले की ‘निसर्गदृश्य’ ही कल्पनाच मुळी पाहणारा आणि राबणारा यांच्या फारकतीतून निर्माण होते. उजनीकाठी ही फारकत अभ्यासावी लागत नाही, ती दिसते.

४

तरीही केवळ दोषारोपावर थांबणे सोपे आणि म्हणून अपुरे आहे. हुरड्याचे उदाहरण येथे कसोटीचे ठरते.

रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पौषाच्या सुमारास दुधातून चिकात येते. दाणा कडक होण्यापूर्वीचे जेमतेम काही दिवस हुरड्याचे. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसे भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि दाणे पुढच्याच्या ओंजळीत द्यायचे. ज्याच्या शेतात हुरडा तो भाजणारा, आणि वाटेने जाणारा खाणारा. हुरडा विकणे ही कल्पनाच त्या व्यवहारात बसत नव्हती, कारण ते हाती यावयाच्या पिकातून आधीच काढून दिलेले दान होते. आज तोच हुरडा माणशी दराने मिळतो. सोबत बैलगाडीची फेरी, झोपाळा आणि पिठले-भाकरी असते. जे दिले जात होते ते विकले जाऊ लागले, ही खंत म्हणूनच सहज उमटते.

परंतु या खंतीला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुन्या आगटीभोवती सगळे सारखे बसत नव्हते. बलुतेदाराला हुरडा मिळे तो हक्क म्हणून की कृपा म्हणून, हे त्याच्या बसण्याच्या जागेवरून कळत असे. काहींच्या ओंजळीत तो वरून टाकला जाई. वारीसारख्या समतेच्या वाटेवरही पंगती निराळ्या होत्या, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वेदनेने नोंदविले आहे. पैशाने आतिथ्याचा गोडवा नेला असेल, पण ओंजळीची उतरंडही काही अंशी मोडली. दर भरून आलेल्या पाहुण्याला कोणी जात विचारत नाही. शिवाय ज्या घरातील मुलगा कारखान्याच्या दारी कंत्राटी कामासाठी उभा राहिला असता, त्याला बापाच्या शेतात चार पैसे मिळू लागले, आणि घरातल्या बाईच्या भाकरीला प्रथमच मोल आले. गतकालाच्या आतिथ्याविषयी हळहळणे हे अनेकदा त्या आतिथ्याचा भार वाहणाऱ्याचे काम नसते.

तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. प्रश्न असा आहे की पैसे देऊन पाहुणा नेमके काय विकत घेतो. तो कणसे आणि श्रम विकत घेत असेल, तर तो व्यवहार रास्त आहे. पण तो जर हंगामातील अनिश्चितता वजा केलेला हंगाम मागत असेल, तर ती मागणी पुरविण्यासाठी यजमानाला आपल्याच शेताविषयी खोटे बोलावे लागेल. शाळू वाळून गेला त्या वर्षी दुसरीकडून आणलेला हुरडा आपल्या आगटीत भाजावा लागेल. पाहुण्याला त्यात काही उणे वाटणार नाही. उणे होईल ते यजमानाचे आपल्या जमिनीशी असलेले सत्याचे नाते. इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा केला, तेव्हा त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार तिला पूरक असला पाहिजे, अशी अट घातली होती. वरवर प्रशासकीय दिसणारी ही अट मुळात नैतिक आहे. देखाव्यासाठी शेत राखायचे की शेतासाठी पाहुणा बोलवायचा, याचा निवाडा ती करते.

५

पाहुण्याकडून काय अपेक्षावे, याचे उत्तर आधुनिक पर्यटनशास्त्रापेक्षा जुन्या परंपरेत अधिक नेमके सापडते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील मेघ हा संस्कृत साहित्यातील सर्वश्रेष्ठ प्रवासी. यक्षाच्या दृष्टीने तो विरहाचा निरोप्या आहे, म्हणजे ऋतूचे काव्य आहे. पण कालिदास तेवढ्यावर थांबत नाही. वाटेवरच्या खेड्यांतील, कटाक्षांची कला न जाणणाऱ्या स्त्रिया या मेघाकडे डोळे भरून पाहतील, कारण शेतीचे फळ त्याच्यावर अवलंबून आहे, असे तो सांगतो. आणि नुकत्याच नांगरलेल्या मातीचा गंध येत असलेल्या माळावरून पुढे जाण्यास मेघाला सुचवितो. म्हणजे ज्याला आपण पाहावयास निघालो, तो आपल्याकडे निराळ्याच अपेक्षेने पाहत असतो, याचे भान या प्रवाशाला दिले गेले आहे. ऋतू आणि हंगाम यांची फारकत त्या काव्यात होत नाही. प्रवास थांबतो तेथे काही देऊन पुढे जाणे, हे तेथे प्रवासाच्या सौंदर्याचेच अंग आहे.

दुसरा आदर्श अधिक जवळचा आहे. तो कान्होराज पाठकांच्या परंपरेतील वारकऱ्याचा. ‘वारी’ या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. पंढरपूर ‘पाहून झाले’ असे वारकरी म्हणत नाही. त्याला पुनःशोधाची गरज पडत नाही, कारण त्याने विस्मरणाला अवसरच दिलेला नसतो. आणि वारी तिथीला बांधलेली असते, सीझनला नव्हे. पाऊस झाला तरी आषाढी, न झाला तरी आषाढी. दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’त (१९६४) एक शहरी, संशयी लेखक या वाटेवर चालतो. त्याला श्रद्धा गवसते की नाही हा त्या पुस्तकाचा मुख्य प्रश्न नाही. आपल्या सोयीने न आखलेल्या कालक्रमात तो स्वतःला ठेवतो, हे महत्त्वाचे आहे.

अर्थात प्रत्येक सहलीची वारी व्हावी, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. रविवारी मुलांना मोर दाखविण्यासाठी निघालेल्या कुटुंबावर एवढा भार टाकता येणार नाही. पण वारीतून एक निकष हाती लागतो. प्रदेशाने नकार दिला तरी तो स्वीकारण्याची तयारी प्रवाशाजवळ आहे काय? मोर दिसला नाही, हुरडा झाला नाही, नदी कोरडी आहे, आणि यजमान आज विहिरीच्या पाण्याविषयीच बोलतो आहे. ही गोष्ट ज्याला आपल्या प्रवासातून वगळावीशी वाटत नाही, त्याला त्या प्रदेशाचा काही शोध लागला असे म्हणता येईल. ज्याला फक्त सीझन हवा आहे त्याने पैसे भरलेले असतात, आणि त्याचे तेथील नाते तेवढ्यापुरते असते.

या निकषावर केंदूरसारख्या गावाचे स्थान लक्षणीय आहे. आजूबाजूच्या गावांना मोर, गणपती किंवा मस्तानी यांनी आकर्षण दिले. केंदूरजवळ एका कवीची समाधी, पावसाची वाट पाहणारे रान आणि वर्षातील काही काळ वाहणारी नदी आहे. सहलीच्या यादीत यातील काहीच चटकन बसत नाही. म्हणूनच तेथे जाणाऱ्याला पाहण्यासारखे काय आहे, हे विचारण्यापूर्वी यंदा पाऊस कसा आहे, असे विचारावे लागते. गावातला कोणीही माणूस या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देत नाही. तो आधी बसायला सांगतो.